मेघ गुच्छातला नव्हे

"लिंडसे, त्या लेखावरचं माझं नाव खोड. आणि लेखही परत मागव," शास्त्रज्ञ लिंडसे हॅरपच्या टेबलावर काच ठेवत बेरिल टॉलहर्स्ट म्हणाली. वेधशाळेचा सकाळचा चहा अजून व्हायचा होता.

कॅनबेराजवळच्या त्या टेकडीवर बेरिल सव्वीस वर्षं काचा मोजत होती. रात्री शास्त्रज्ञांनी दुर्बिणीतून फोटोच्या काचांवर टिपलेले वर्णपट दिवसा ती सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायची. लेख शास्त्रज्ञांच्या नावाने निघत, हिच्या वाट्याला शेवटी आभाराची एक ओळ. हा पहिलाच लेख हॅरपने दोघांच्या नावाने धाडला होता.

प्रश्न मोठा गमतीचा होता. एक तेजोमेघ एका तारकागुच्छात बसलेला दिसे. गुच्छाचं अंतर त्याच्या ताऱ्यांच्या तेजावरून काढता येतं, एकट्या मेघाला मात्र गजच लागत नाही. तो गुच्छातलाच ठरला, तर त्याचं अंतर आयतंच मिळणार. त्यासाठी वर्णपटातल्या रेषांवरून काढलेला दोघांचा वेग जुळायला हवा, आणि बेरिलच्या मोजणीत तो जुळला होता.

डोळा नेहमी एका अंगाला झुकतो, म्हणून प्रत्येक काच सुलटी मोजून झाली की फिरवून उलटी मोजायची, असा तिथला दंडक. त्यावरून बेरिलने कितीतरी नवख्यांना फैलावर घेतलं होतं. या काचेचा आकडा मात्र पहिल्याच फेरीत हवा तसा आला, आणि बाईंनी काच खुशाल पाकिटात घातली. शुक्रवारी निवृत्त व्हायचं म्हणून काल खण आवरताना तिला वहीतला उलट्या मोजणीचा रकाना कोरा दिसला. तिने काच फिरवून तीनदा मोजली. सरासरीत मेघाचा वेग गुच्छापेक्षा सेकंदाला पंधरा किलोमीटर जास्त भरला. मेघ गुच्छातला नव्हताच, नुसता त्याच रेषेत दिसत होता.

हॅरपने तिला समजावून पाहिलं. ती काच पुन्हा कोण फिरवणार होतं?

"शुक्रवारनंतर नाव यायचं नाही, बेरिल," तो हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे. यॅस गावच्या माझ्या बहिणीने तर अख्ख्या चर्चला सांगून ठेवलंय. हवंच होतं रे मला नाव. पण खोट्या अंतरावर नको."

हॅरपने काच उजेडात धरली.

"मग हा आहे तरी किती लांब?"

"परवापर्यंत ठाऊक होतं," बेरिल म्हणाली, आणि त्या दुःखातही तिला हसू फुटलं. "आता कोणालाच नाही."

मग मेघ गुच्छाच्या अलीकडे की पलीकडे, यावर दोघं असे भांडले की चहा राहूनच गेला.

शुक्रवारी तिने काच पाकिटात घातली. वर लिहिलं, 'दोन्ही बाजूंनी मोजली. गुच्छातला नाही. अंतर अज्ञात.' खाली मोजणाऱ्याने आद्याक्षरं टाकायची रीत होती. बेरिलने सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं, शाई वाळू दिली आणि खण लावला.