उजवीकडचा उतार

“मावशी, कुठे जायचंय तुम्हाला?” मिस्त्रीनं विचारलं.

“दवाखान्यात,” मुलगा म्हणाला.

“बँकेतही जावं लागतं अधूनमधून,” सून म्हणाली.

“मी मावशींना विचारलं.”

चाकांच्या खुर्चीतल्या मावशींनी मिस्त्रीला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाल्या, “उजवीकडे.”

मुलगा हसला. “अगं आई, उजवीकडे काय आहे? गल्ली वळते नि संपते.”

“संपू दे. उतार उजवीकडे.”

लोकांच्या दाराशी चाकांच्या खुर्चीसाठी उतार बांधून देणं हे मिस्त्रीचं काम. गेली अकरा वर्षं त्यानं दुसरं काही बांधलंच नव्हतं. काम धरण्याआधी खुर्चीत बसणाऱ्याला तो हा एकच प्रश्न विचारायचा, कारण उतार जिकडे तोंड करून संपतो तिकडेच माणूस जातो, हे त्याला अनुभवानं कळलं होतं. उत्तर मात्र दरवेळी भलताच कुणीतरी द्यायचा. “लोकांना सिमेंट हवं असतं, तुमच्या चौकशा नकोत,” असं त्याची बायको म्हणायची. तिचंही खरंच होतं. पण स्वभावाला काय करणार?

इथे दाराला तीन पायऱ्या होत्या. दीड फूट उंची, म्हणजे अठरा फूट उतार; फुटाला बारा फूट, त्यात तडजोड नाही. दारापुढे जेमतेम पाच फूट जागा आणि लगेच गल्ली, त्यामुळे उतार भिंतीला धरून एकतर डावीकडे न्यायचा, नाहीतर उजवीकडे. डावीकडे गल्ली चढत चढत मोठ्या रस्त्याला मिळत होती. महिन्यातून दोनदा तिथे गाडी येऊन थांबायची आणि मुलगा नि शेजारी मिळून मावशींना खुर्चीसकट पायऱ्या उतरवून तिथवर ढकलत न्यायचे. खुर्चीत आल्यापासूनच्या अडीच वर्षांत मावशींनी बाहेरचं जग बघितलं ते तेवढंच. त्यापूर्वी त्या घरोघर विजेचे मीटर वाचत हिंडायच्या, हे सूनबाईंनी बोलता बोलता सांगितलं होतं.

“डावीकडेच करा,” मुलगा मिस्त्रीला बाजूला घेऊन म्हणाला. “तिचं मनावर घेऊ नका. एकदाच बांधायचंय, उगाच चुकायला नको.”

मिस्त्रीनं मान डोलावली खरी, पण डोक्यात किडा वळवळायला लागला होता. मुलगा कामावर गेल्या गेल्या तो उजवीकडे निघाला. पन्नासेक पावलांवर गल्ली वळली. वळणापलीकडे दोन बंद शटरं, एक पाण्याची टाकी, टाकीवर झोपलेलं मांजर आणि सायकली दुरुस्त करणारा एक माणूस. संपलं.

“वळणाअलीकडच्या त्या मावशी इकडे कुणाकडे यायच्या का हो?”

“कुठल्या मावशी?”

“त्या पूर्वी विजेचे मीटर वाचायच्या बघा.”

“मीटरवाल्या बाई? अहो, त्या कुणाकडे येत नव्हत्या ते विचारा! पण टेकायच्या नाहीत कुठेच. आकडा लिहिला की चालल्या.”

“खास असं कुणी नाही?”

सायकलवाल्यानं पाना खाली ठेवला. “पोलिसात आहात का?”

मिस्त्री हात हलवत परत आला आणि मापाला लागला. त्याच्याकडे पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी होती. तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं. एवढ्याशा गमतीवर त्याचं पोट चालायचं. पण दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं, आणि सूनबाईंचे हात कामात होते.

“आणा इकडे,” मावशी म्हणाल्या. “पाय गेलेत माझे, हात नाही गेले.”

मावशींनी दाराच्या चौकटीवरच्या खुणेशी नळी धरली. काय धरली! पाण्याचा थेंब हलेना. मिस्त्री डावीकडे गेला. वीस फुटांत जमीन जवळजवळ फूटभर चढली होती. मग तो उजवीकडे गेला. पाच फूट, दहा फूट, वीस फूट. पाणी जागचं हलत नव्हतं. त्यानं नळीला दुसरी नळी जोडून ती लांबवली आणि पार वळणापर्यंत माप नेलं. फरक निघाला दोन बोटांचा.

“कमाल आहे,” तो परत येत म्हणाला. “टेबलासारखी सपाट आहे की!”

“मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तीस वर्षं या गल्ल्या तुडवल्यात. पायांना सगळं कळतं.”

“म्हणून उजवीकडे?”

मावशींनी नळीचं टोक अंगठ्यानं बंद केलं. “डावीकडे जायचं म्हणजे मागून ढकलणारं कुणीतरी हवं. ढकलतात हो सगळी, चांगली आहेत, नाही कुणी म्हणत नाही. पण ढकलणारा विचारणारच, कुठे जायचं? कशाला? किती वेळ? उजवीकडे माझे माझे हात पुरतात.”

“पण तिकडे आहे तरी काय?”

“काही नाही. असायलाच पाहिजे का?”

मिस्त्री ओशाळला. अकरा वर्षं लोकांना ‘कुठे जायचंय’ म्हणून विचारत तो स्वतःला मोठा शहाणा समजत होता, आणि ढकलणाऱ्यांच्या रांगेत आपणही उभे आहोत हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं नळी गुंडाळली.

संध्याकाळी मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला. “म्हणजे आम्ही नकोत का तिला?”

“तसं नाही हो. दवाखान्यात जाताना तुम्ही मागे असणारच, खुर्ची वळवायला कितीसा वेळ लागतो? पण उतार डावीकडे केला, तर त्या खाली चढणीवर उतरणार. ब्रेक सोडला की खुर्ची घरंगळणार. एकट्यानं त्यांना वळताच यायचं नाही.”

“आणि पडली म्हणजे?”

“उताराला कठडा घालीन. गल्लीला नाही घालता येत मला.”

आतून मावशींचा आवाज आला. “अरे, तू पहिल्यांदा सायकल घेऊन रस्त्यावर गेलास, तेव्हा मी काय केलं ठाऊक आहे?”

“काय?”

“खिडकी लावून घेतली. बघवत नव्हतं मला. पण जाऊ दिलं ना?”

मुलगा पायऱ्यांपर्यंत जाऊन गल्लीत उजवीकडे डोकावला. मग मिस्त्रीकडे न बघताच म्हणाला, “करा उजवीकडे.”

उतार झाला. आठवडाभर सूनबाईंनी सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारलं. दहाव्या दिवशी मिस्त्री हजर. काम काहीच नव्हतं, हातात थापीसुद्धा नव्हती, पण राहवेना.

मावशी केस विंचरून तयार होत्या.

“मी नुसता मागून येतो,” मुलगा म्हणाला. “बोलणार नाही काही.”

“नको.”

चाकं हातांनी आवरत, इंचाइंचानं, मावशी अठरा फूट उतरल्या. खाली थांबून त्यांनी दम घेतला. मग निघाल्या. मध्येच एक चाक खड्यावर अडलं, खुर्ची तिरकी झाली, आणि मुलाचं पाऊल आपसूक पुढे पडलं. तिथेच त्यानं ते थोपवलं. मावशींनी खुर्ची मागे घेतली, खड्याला वळसा घातला आणि पुढे गेल्या. वळणाशीही त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. आधी पुढची लहान चाकं गेली, मग पाठ, मग केसांचा पांढरा अंबाडा. गल्ली रिकामी झाली.

दारात तिघं उभी होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

“काय करत असेल हो ती तिकडे?” मुलानं हळूच विचारलं.

“कुणास ठाऊक,” मिस्त्री म्हणाला.

अडीच वर्षांत पहिल्यांदाच, आई या घटकेला काय करतेय, हे घरातल्या कुणालाही ठाऊक नव्हतं.