आटवलेलं पाणी

यंत्राचा नवा दिवा मंगळवारी सकाळी आला. अकरा दिवस आम्ही त्याची वाट पाहत होतो. तो नसला की पाण्यातलं नायट्रेट मोजता येत नाही, आणि फ्रीजमध्ये बाटल्या साचत जातात. साडेदहाला मी दिवा बसवला, सव्वाबाराला सातवी बाटली लावली. आकडा मापाच्या बाहेर गेला. अशा वेळी पाणी दहापट पातळ करून पुन्हा मोजायचं असतं. तसं दोनदा मोजलं. लिटरला एकशे अठरा मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात पंचेचाळीसच्या वर चालत नाही.

बाटलीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : पिंपळझरी, टोली, विहीर.

आमची प्रयोगशाळा नालवाडीत आहे, एका लहान संस्थेची. गावं पाणी पाठवतात, आम्ही तपासून अहवाल देतो. टोलीला, गावाबाहेरच्या वस्तीला, मात्र आठवड्यापूर्वी मी स्वतः गेले होते. जाम गावच्या चौकातून आत वळलं की गोंडांची दहा-बारा घरं लागतात. सगळ्यांना मिळून एकच विहीर. तिच्या वरच्या अंगाला गव्हाचं शेत आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उकिरडा. त्या दिवशी गव्हाला युरिया टाकून पाणी दिलेलं होतं. मी वहीत तेही लिहून घेतलं.

पाण्याचे दोन नमुने घेतले. एक जंतूंसाठी. ती छोटी बाटली दुसऱ्या दिवशी काळी पडली की पाण्यात घाण आहे असं समजायचं. ती काळी पडली. दुसरा नमुना नायट्रेटचा, तो आम्ल घालून फ्रीजमध्ये ठेवला. दिवा नव्हता, म्हणून अहवालात नायट्रेटपुढे आडवी रेघ मारून मी खाली सही केली आणि टोलीत जाऊन पाणी उकळून प्यायला सांगितलं. मोठ्या अक्षरांत एक कागदही लिहून दिला. टोलीतल्या रामबाईंनी तो विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीवर चिकटवला.

रामबाईंना पंधरा दिवसांचा नातू होता. त्याच्या आईला, चंचलला, छातीत गळू होऊन ते कापावं लागलं होतं, म्हणून बाळ डब्याच्या दुधावर होतं. बाळाचं पाणी किती वेळ उकळायचं, असं रामबाईंनी मला नीट विचारलं होतं.

"जितकं जास्त उकळाल तितकं चांगलं," मी म्हणाले होते.

उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेटला काही होत नाही. पाणी वाफ होऊन जातं आणि ते मागे राहतं. मोठ्या माणसाला ते लगेच बाधत नाही. तान्ह्या मुलाच्या पोटात मात्र त्याचं रूप बदलतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. मूल निळं पडतं. हे मला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं.

मी टोलीच्या आशा कार्यकर्तीला, कमलाला, फोन लावला. ती समुद्रपूरला प्रशिक्षणात होती, बाहेर येऊन बोलली. पोरगा दोन दिवसांपासून मलूल आहे, दूध टाकतो, थंडीनं जरा काळपटला आहे. दुर्गेश, म्हणजे त्याचा बाप, संध्याकाळी दुकान बंद करून त्याला दाखवायला नेणार आहे.

"पण पाण्याची काई फिकीर नका करू मॅडम. रामबाई लय चोख आहे. तांब्याभर पाणी ओवा टाकून अर्धं होईपर्यंत आटवते. तुम्ही सांगतलं तसंच करून राह्यली."

तांब्याभर पाणी अर्ध्यावर. म्हणजे दोनशे छत्तीस.

दुर्गेशचं जामच्या चौकात पंक्चरचं दुकान आहे. त्याचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मी फिल्टर पेपरचं पाकीट पर्समध्ये टाकलं आणि खाली आले. आमचे ड्रायव्हर लहानूभाऊ जीप पुसत होते. बाटल्यांची पेटी कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. पेटी नको, लवकर चला, म्हटल्यावर ते हसले. "रोज त म्हणता, लहानूभाऊ हळू चालवा." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तासाभराच्या रस्त्यावर जीप जोरात काढली.

चौकात दुर्गेशच्या दुकानाला कुलूप होतं. कुणाचा तरी ट्रक रस्त्यात बसला होता, तिकडे गेला होता तो. आम्ही आत वळलो.

रामबाई चुलीपुढे बसल्या होत्या. चुलीवर पितळी गंज, म्हणजे पातेलं, त्यात ओव्याचं पाणी खदखदत होतं. कडेला पांढऱ्या रेषा होत्या, पाणी जसजसं खाली उतरलं तसतशा उमटलेल्या. चंचल दाराशी उन्हात बाळाला घेऊन बसली होती. मी दुपटं बाजूला केलं. ओठ जांभळ्या-करड्या रंगाचे, नखं तशीच. अंग कोमट होतं. थंडीनं काळं पडलेलं मूल हाताला गार लागतं. मला बघून ते रडायला लागलं, पण आवाज वर चढेना.

बाळाला आत्ता दवाखान्यात न्यायचं आणि हे पाणी पुन्हा द्यायचं नाही, असं मी सांगितलं. चंचल उठायला लागली. रामबाईंनी हातानंच तिला बसवलं.

"काऊन? पाण्यानं काय केलं?"

पाण्यात एक खत उतरलंय, ते बाळाला बाधतंय, मी म्हणाले. उकळल्यानं ते वाढतं.

"तुमीच त सांगतलं, उकयून द्या."

"हो. मी सांगितलं."

"जास्त उकया म्हणलं."

"तेही म्हणाले."

रामबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्या तपासत होत्या, मी बाटली उजेडाकडे धरून बघते तशी.

"मंग तवा खरं होतं का आता खरं आहे?"

माझ्याजवळ आकडा होता, पण तो त्यांच्या काय कामाचा? मागच्या वेळीही मी अशाच खात्रीनं बोलले होते. रामबाई चंचलकडे वळून गोंडीत काहीतरी बोलल्या. मला एवढंच कळलं, की दुर्गेश येईपर्यंत थांबायचं आहे. दुर्गेश सहाला येणार होता. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाळाचं रडणं थांबलं होतं, आणि ते थांबल्याचं कुणालाच बरं वाटत नव्हतं.

मी चुलीपाशी जाऊन खाली बसले.

"रामबाई, वरणात मीठ टाकलं आणि ते चुलीवर विसरलं. आटून गेलं. तर ते अळणी लागतं का खारट?"

त्यांनी गंजाच्या कडेच्या पांढऱ्या रेषांकडे पाहिलं. बोट फिरवून ते जिभेला लावलं, मग पुन्हा एकदा लावलं. त्या रेषा चुन्याच्या होत्या, नायट्रेटच्या नव्हत्या. मी तसं म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही.

रामबाईंनी पदरानं गंज उचलला आणि सगळं पाणी चुलीत ओतलं. राख उडाली.

"चंचल, चाल," त्या म्हणाल्या. "दुर्गेशले लहानू सांगन."

चौकात लहानूभाऊंनी शेजारच्या टपरीवर दुर्गेशसाठी निरोप ठेवला. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचायला साडेतीन झाले. वाटेत चंचल बाळाच्या तोंडाशी कान नेऊन बसली होती. रामबाई मागच्या सीटवरून माझ्या पाठीकडे बघत होत्या. वळून न बघताही ते कळत होतं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी लगेच प्राणवायू लावला. बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातला प्राणवायू ब्याऐंशी टक्के दिसत होता. दहा मिनिटांनी चौऱ्याऐंशी. रंग तसाच. ते छाती ऐकत राहिले. हृदयात दोष असेल, नागपूरला न्यावं लागेल, म्हणाले.

मी आकडे सांगितले. विहिरीचा, आटवलेल्या पाण्याचा, बाळाच्या वयाचा. त्यांनी मान हलवली, पण नागपूरला फोन लावायला सांगितलेलं होतं ते तसंच राहू दिलं. असं बाळ त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं.

तपासणीसाठी बाळाचं रक्त काढणारच होते. त्यातला एक थेंब यावर टाका, म्हणून मी फिल्टर पेपर पुढे केला, आणि शेजारी माझ्या बोटाचा एक. नर्सनं डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी हो म्हटलं.

पांढऱ्या कागदावर दोन ठिपके. माझा लाल होता. बाळाचा गुळाच्या काकवीसारखा तपकिरी. प्राणवायूअभावी काळवंडलेलं रक्त हवा लागली की लाल होतं. आम्ही कागद हलवत थांबलो. रामबाई जवळ आल्या. एक मिनिट गेलं, मग दुसरं. तपकिरी ठिपका तपकिरीच राहिला.

डॉक्टर औषधाच्या खोलीकडे गेले, जवळजवळ पळतच.

औषध गडद निळं होतं. ते नळीतून चढताना रामबाईंनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, पोरगा आधीच निळा आहे, त्यात हे निळं कशाला. ते रक्ताला पुन्हा कामाला लावतं, मी म्हणाले. यावेळी खरं आहे ना, असं त्यांनी विचारलं नाही. मनगट मात्र सोडलं नाही. यंत्रावर चौऱ्याऐंशी. मग सत्त्याऐंशी. बराच वेळ सत्त्याऐंशीच. चंचल आकड्याकडे बघतच नव्हती, ती बाळाच्या ओठांकडे बघत होती. तिलाच आधी दिसलं.

"आई, ओठ पाह्य," ती म्हणाली.

खालच्या ओठाच्या मधोमध तांबूस रेघ आली होती. थोड्या वेळानं बाळ रडलं, आणि यावेळी आवाज वर चढला. तेवढ्यात दुर्गेश धावत आला, हात ऑइलनं काळे. त्यानं ते पँटला पुसले, तरी बाळाला हात लावला नाही, नुसता वाकून बघत राहिला.

रामबाई मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आल्या.

"आता दूध कशात कालवू?"

दुसऱ्या गावचं तपासलेलं पाणी मी उद्यापासून कॅनमधून पाठवीन, तेच वापरा, मी म्हणाले. ते एक उकळी आणून लगेच उतरवायचं, आटवायचं नाही. विहिरीचं पाणी बाळाला कच्चंही नाही आणि उकळूनही नाही.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या. "आन जे मोजलं नाई, तेई लिहा. रेघ नका मारू."

अहवालातली रेघ त्यांनी कधी पाहिली, मला माहीत नाही. मी लिहिलं. काय मोजलं, किती आलं, काय अजून मोजायचं राहिलं आहे. खाली तारीख आणि पूर्ण नाव घातलं. त्यांनी कागदाची घडी कमरेला खोचली आणि सांगितलं, की टोलीत अजून दोन पोरी पोटुशी आहेत, एकीचे दिवस भरत आले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचे कॅन घेऊन आम्ही टोलीत गेलो. मोटारीच्या खोलीवर माझा जुना कागद तसाच होता : पाणी उकळून प्या. रामबाईंनी तो भाताच्या पेजेनं चिकटवला होता. नखानं सुटेना. दिवस भरत आलेली ती पोरगी कळशी घेऊन विहिरीपाशी उभी होती, माझ्याकडे आणि कागदाकडे बघत. मी तिला कळशी खाली ठेवायला सांगितलं, लहानूभाऊंकडून विळा घेतला, आणि अक्षर अक्षर खरवडायला लागले.