वाजवणाऱ्याचं फेल्ट

“फेल्ट आता कोणी घेत नाही, आजी,” दुकानदार म्हणाला आणि त्यानं काळी रबरी चकती काउंटरवर ठेवली. “हे घ्या. डोळे मिटून घ्या.”

“डोळे उघडे ठेवूनच घेईन म्हणते,” सासूबाई म्हणाल्या. “आणि मी तुमची आजी कधी झाले?”

मी त्यांची काठी धरून खुर्चीमागे उभी होते. रेकॉर्डखाली घालायच्या एका चकतीसाठी मी शाळेच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती आणि हे तिसरं दुकान होतं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसत असेल ते दिसो, मी लपवायच्या भानगडीत पडले नाही.

दुकानदार तसा भला माणूस. त्यानं रबर, बूच, चामडं आणि फेल्ट म्हणजे दाबलेली लोकर, अशा चारही चकत्या ओळीनं मांडल्या आणि मास्तरासारखं समजावलं. रबर प्लेअरच्या फिरत्या थाळीची थरथर सुईपर्यंत पोचू देत नाही. बूच हलकं, धूळ धरत नाही. चामड्यानं आवाज भरदार होतो, असं म्हणणारेही आहेत. फेल्टला मात्र हवा कोरडी झाली की वीज चढते. रेकॉर्ड उचलायला जावं तर चकतीच चिकटून वर येते.

“माहीत आहे,” सासूबाई म्हणाल्या. “एकदा भर कार्यक्रमात आली होती वर. सात सेकंद उशीर. चूकवहीत मीच लिहिलंय.”

त्या एकतीस वर्षं रेडिओ स्टेशनात गाणी लावायच्या. नाव कुठेच नाही, आवाज कुठेच नाही, फक्त बोट. स्टेशनात त्यांना सेकंदबाई म्हणत. आणि तिथे एक जाड वही असायची. ज्याच्या हातून चूक होईल त्यानं ती स्वतःच्या हातानं वहीत लिहायची, खाली सही करायची. एकतीस वर्षांत सासूबाईंच्या चार नोंदी. चारही त्यांना तारखेसकट पाठ होत्या.

“मग रबर घ्या ना,” दुकानदार म्हणाला.

“रबर रेकॉर्डला धरून ठेवतं. मला बोटानं रेकॉर्ड थोपवायची असते आणि खालून थाळी फिरत राहायला हवी. निवेदकाचं वाक्य संपलं की बोट उचलायचं. गाणं तिथल्या तिथे सुरू.”

“पण घरी असं कोण करतं? घरी तर नुसतं ऐकायचं असतं.”

“ऐकणाऱ्याला द्या रबर. मी वाजवणारी आहे.”

त्यांनी डाव्या हातानं फेल्टची चकती चाचपली. उजवा हात मांडीवर होता, दुसऱ्या कोणी सांभाळायला दिल्यासारखा. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय बराचसा परतला, हात मागे राहिला.

“हे फेल्ट आहे की मांजर?” चकतीवरची लव उपटत त्या म्हणाल्या. “चल गं.”

आम्ही रिकाम्या हातानं बाहेर पडलो.

या चकतीमागे काय होतं ते सांगते. सासूबाईंचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे. झटक्यानंतर त्या आमच्याकडे आल्या त्या आल्याच. परत जायचं नाव काढलं की माझा नवरा म्हणायचा, “आई, एका हातानं गॅस कसा लावशील? कडी कशी काढशील?” शेवटी त्यानं ते घर सोडून द्यायचं ठरवलं. घरमालकाला महिनाअखेरीस कळवायचं होतं. किल्ली तेवढी सासूबाईंच्या उशाखाली होती आणि ती मागायची हिंमत त्याला होत नव्हती.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक मऊ चेंडू दिला होता, दाबायला. बाई असेपर्यंत सासूबाई तो दाबायच्या. बाई गेल्या की चेंडू चपलांच्या कपाटात.

“चेंडू दाबून मला काय मिळणार आहे?” त्या म्हणायच्या. “आयुष्यात कधी दाबला नाही.”

मग नवऱ्यानं त्यांचं मन रमावं म्हणून एक रेकॉर्ड प्लेअर आणला. त्याबरोबर रबरी चकती आली होती. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी उजवी तर्जनी डाव्या हातानं उचलून रेकॉर्डच्या कडेवर ठेवली. रेकॉर्ड रबराला चिकटून बोटाला ओढत गेली, सुई किंचाळली, नवरा स्वयंपाकघरातून धावत आला.

“आई, नुसतं ऐक ना गं! सगळं झालं आता तुझं करून.”

ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं. दोन दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाल्या, “आजपासून दोन आठवड्यांनी, रविवारी. सकाळी आठ वाजता मी गाणं लावीन, ह्या हातानं. आठच्या ठोक्याला लागलं तर मी माझ्या घरी जाणार. नाही लागलं तर किल्ली तुझी. एकदाच. पुन्हा तोंड उघडणार नाही.”

नवरा हसला. मग त्यांचा चेहरा बघून हसायचा थांबला. “ठीक आहे,” म्हणाला.

त्याला ते कळणारच. लहानपणी आई पहाटे कामावर जायची. सकाळी आठला रेडिओवर गाणं लागलं की हा स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ त्यावर लावायचा, मग दप्तर घेऊन शाळेला. आईचं बोट आत्ता उचललं गेलं, एवढं त्याला तेव्हा पक्कं माहीत असायचं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यानं मला हे सांगितलं होतं. तोच माणूस आता आईच्या हाताला चमचाही धरू देत नव्हता. घाबरला होता, दुसरं काय.

फेल्ट शेवटी मी आणलं. ऑफिसात नवा नोटीस बोर्ड आला होता आणि जुना जिन्याखाली पडला होता. त्याच्यावरचं हिरवं कापड टाचण्यांनी चाळणी झालेलं, पण पातळ, घट्ट दाबलेलं. मुख्याध्यापिकांना विचारलं. “न्या की,” त्या म्हणाल्या, “पण कशाला?” मी म्हटलं, “सासूबाईंना हवंय.” पुढचं सांगत बसले असते तर शाळा सुटली असती.

सासूबाईंनी डाव्या हाताचं बोट त्यावरून फिरवलं. मग उजव्या हाताचं, डाव्यानं धरून. मग डोळे मिटले.

“लागतंय,” त्या म्हणाल्या. “थोडं जाणवतंय बोटाला.”

रेकॉर्ड उलटी ठेवून तिच्याभोवती खडूनं गोल आखला. कात्री मी चालवली, सूचना त्यांच्या. “आत जाऊ नकोस. अगं, आत जातेयस!” मधोमध भोक पाडताना माझ्या बोटाला कात्री लागली. त्यावरही त्यांचं लक्ष नव्हतं. चकती थाळीवर बसली, वर रेकॉर्ड बसली, मोटर सुरू झाली. सासूबाईंनी तर्जनी कडेवर टेकवली. रेकॉर्ड थांबली. खालून थाळी फिरत राहिली, अगदी बिनआवाज. मी काय बघते आहे ते मला आत्ता कळलं आणि मी चिंधी गुंडाळलेलं बोट विसरून टाळी वाजवली.

“टाळ्या कसल्या?” त्या म्हणाल्या. “धरणं कुणालाही जमतं. उचलायचं अवघड.”

बोट उचललं जात नव्हतं. दाबून बसायचं, मग सगळा हातच धसकन वर यायचा. रोज मी कामावर गेले की त्या बसायच्या. संध्याकाळी मी विचारायचे, “आज किती?” पहिल्या दिवशी म्हणाल्या, “चार सेकंद.” मग तीन. मग एका दिवशी, “विचारू नकोस.” त्या दिवशी त्यांनी जेवतानाही उजवा हात टेबलाखाली ठेवला.

रविवार उजाडला. नवऱ्यानं भिंतीवरचं घड्याळ फोनशी ताडून बघितलं. सासूबाई धुतलेल्या कपड्यांत, केस घट्ट बांधून, कामावर निघाल्यासारख्या बसल्या. समोर किल्ली. सुई गाण्याच्या पहिल्या सुरावर नेऊन त्यांनी रेकॉर्ड पाव फेरा मागे घेतली आणि तर्जनी टेकवली. थाळी फिरू लागली. आठला अर्धं मिनिट. खोलीत घड्याळाच्या टिकटिकीशिवाय काही नाही. नवऱ्यानं स्वतःचं मनगटी घड्याळ काढून त्याची चावी बाहेर ओढून धरली होती, लहानपणच्या सवयीनं. आपण काय करतोय हे त्याला तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

सेकंदकाटा बारावर आला आणि बासरी सुरू झाली.

“लागलं!” नवरा ओरडला. “आई, लागलं! आठ म्हणजे आठ!” त्यानं चावी दाबली आणि तो चक्क उडी मारून उठला. माझ्या डोळ्यांत पाणी.

“नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“काय नाही?”

“एक सेकंद उशीर.”

“काहीतरीच! आम्ही दोघं बघत होतो ना?”

“तुम्ही बघत होता. मी लावत होते. मी बोटाला सांगितलं, त्यानं एका सेकंदानं ऐकलं.”

“अगं, एक सेकंद कुणाला कळतोय?”

“मला.” त्या आता रागावल्या होत्या. “तू मला पास करणारा कोण? मला दयेचे मार्क नकोत. वही दे गं.”

मी वाणसामानाची वही दिली. त्यांनी पेन डाव्या हातानं उचलून उजव्यात बसवलं. किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. रेकॉर्डची बाजू संपत आली होती एवढं खरं. अक्षरं तिरकी, एकमेकांच्या अंगावर पडलेली, पण वाचता येत होती. तारीख. सकाळचे आठ. एक सेकंद उशीर. कारण: बोट. खाली सही.

आठ महिन्यांत त्यांनी पेन धरलं नव्हतं. दवाखान्याच्या कागदांवर अंगठा उठवला होता.

“घे,” किल्ली सरकवत त्या म्हणाल्या. “हरले.”

नवरा वहीकडे बघत राहिला. मग त्यानं किल्ली उचलली, चपला घातल्या आणि निघून गेला. मला त्याचा असा संताप आला की मी दार आपटलं. सासूबाई मात्र शांत. रेकॉर्ड उलटून म्हणाल्या, “ही बाजू ऐक. चांगली आहे.”

मी कसली ऐकते. मनातल्या मनात नवऱ्याशी भांडत होते.

तो तासाभरानं आला. शर्टाला तेलाचे डाग, केसांत जळमटं.

“गॅसचा खटका घट्ट झाला होता, तेल घातलं,” तो आईकडे न बघता म्हणाला. “कडी सैल केली. जिन्याचा कठडा उतरताना उजव्या हाताला येतो, तेवढं बघ. खिडक्या उघड्या ठेवून आलोय. आणि घड्याळ बंद पडलं होतं, सेल घातला.”

“कशावर लावलंस?” सासूबाईंनी विचारलं.

त्यानं मनगट वर केलं. “तुझ्या गाण्यावर. मग एक सेकंद पुढे केलं.”

सासूबाईंनी उजवा हात पुढे केला, तळवा वर. नवऱ्यानं किल्ली त्यावर ठेवली. बोटं मिटायला लागली, आधी करंगळी, मग तिच्या शेजारची. नवऱ्याचा हात मदतीला निघाला होता, तो त्यानं मागे घेतला. तर्जनी सगळ्यात शेवटी आली. तोवर आम्ही दोघं उभे राहिलो.