पाणबुड्याच्या टोपाची तक्रार

मी एक जुना तांब्याचा टोप आहे, मित्रांनो, पण चुलीवरचा नव्हे! परवाच एका शहाण्या बाईंनी मला बघून विचारलं, "ह्यात किती माणसांचा स्वयंपाक होत असेल हो?" मी पाणबुड्याच्या डोक्यावरचा टोप. मला तीन गोल काचा, मानेशी बारा पेच आणि मागे हवेच्या नळीसाठी एक भोक आहे. तेवढ्याशा भोकावर एक माणूस जगायचा.

तीस वर्षं मी एकाच डोक्यावर बसलो. बुडालेले नांगर शोधायचे, जहाजांचे तळ दुरुस्त करायचे, हे माझ्या पाणबुड्याचं काम. वर धक्क्यावर त्याची दोरी धरायचा त्याचा मेहुणा. नाव बारक्या, आणि अंगाने दाराएवढा! पाण्याखालून बोलता येत नाही, म्हणून दोरीचे हिसके हीच दोघांची भाषा. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोरी सैल सोड. चार म्हणजे वर ओढ, आत्ताच्या आत्ता. तीस वर्षांत चार हिसके पाचदाच गेले, आणि पाचही वेळा बारक्याने हातावर हात टाकत आम्हाला वर काढलं. मग धापा टाकत म्हणायचा, "दाजी, ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?"

पुढे बंदर पलीकडच्या खाडीत हललं आणि जुना धक्का प्रेक्षणीय झाला. दीपगृह, तोफा, जकातघर, सगळ्यांना रंग फासला. मोठाल्या बोटींतून पाहुणे उतरायचे आणि चार तासांत तीनशे वर्षं उरकून परत बोटीत बसायचे. त्यांच्यासाठी काचेची भिंत असलेला खोल हौद बांधला आणि पाटी लावली, 'खराखुरा पाणबुड्या, रोज अकरा वाजता'.

माझा पाणबुड्या तेव्हा सदुसष्टचा. मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे आता. जिना चढताना दम लागतो तुम्हाला."

"पाण्यात कुठे जिना असतो?" म्हणाला, आणि आला. मी दुसऱ्याच्या डोक्यावर बसावं हे त्याला बघवणार नव्हतं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

व्यवस्थापकाला मात्र नुसता उभा पाणबुड्या पसंत नव्हता. त्याने दोरीच्या वरच्या टोकाला घंटा बांधली. खालून हिसका दिला की घंटा वाजणार आणि पाहुण्यांना नमस्कार पोचणार. पाणबुड्या भडकला. "दोरी म्हणजे काय खेळणं वाटलं?" शेवटी नाइलाजाने तीन हिसक्यांवर तडजोड झाली, कारण तीनला आमच्या भाषेत काही अर्थच नव्हता. घंटा तीनदा वाजली की गाईड ओरडायचा, "काकांनी नमस्कार केला! टाळ्या!"

मग सगळ्या नोकरांना पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट आले. बारक्याच्या पोटावर बटण लागेना. तो म्हणाला, "मी दोरी धरायला येतो, सोंग आणायला नाही." त्याला घरी बसवलं. तिकीट खिडकीवरच्या एका हसऱ्या माणसाला शर्ट झकास बसला, म्हणून दोरी त्याच्या हातात गेली. पाणबुड्याने त्याला दोन दिवस हिसके शिकवले. तो आपला "हो काका, कळलं काका" म्हणायचा आणि पाहुण्यांकडे बघून हात हलवायचा.

पाचव्या दिवशी एका मोठ्या कुटुंबाला हौदापाशी फोटो काढायचा होता. त्यांनी बाक ओढून आणला. बाकाचा पाय माझ्या हवेच्या नळीवर पडला आणि वर सहा जण बसले. आत हवा येईना. पायात शिशाचे बूट, स्वतःहून वर यायची सोय नाही. पाणबुड्याने चार हिसके दिले.

"अरे वा!" गाईड ओरडला. "आज एक जास्तीचा!"

टाळ्या पडल्या. पाणबुड्याने पुन्हा चार हिसके दिले.

"वन्स मोअर!" बाकावरून कोणीतरी ओरडलं. पट्ट्यांच्या शर्टाने लवून मुजरा केला आणि काकांना सोयीचं पडावं म्हणून दोरी आणखी सैल सोडली. तिसऱ्यांदा घंटा वाजलीच नाही. माझ्या काचेतून मला सगळे दिसत होते. काचेवर तळवे टेकवून हसत होते, हात हलवत होते. आणि माझ्या आत, अगदी कानाशी, तो म्हणत होता, "बारक्या, ओढ ना रे. बारक्या..."

मी ठोंब्या ऐकत राहिलो. मला दुसरं काय येतं?

फोटो झाला. सहा जण उठले. हवा सुळ्ळकन आत आली, पण तोवर त्याचं डोकं माझ्या काचेवर टेकलं होतं. "काका विश्रांती घेताहेत," असं म्हणून गाईडने पाहुण्यांना तोफांकडे नेलं. फोटो फार छान आला म्हणे. कागदावर लिहिलं, वयोमानाने मृत्यू.

त्यानंतर मला घासूनपुसून ह्या दालनात ठेवलं. शेजारी तीच घंटा, तीच दोरी. पाटीवर लिहिलंय, 'अखेरचा नमस्कार. दोरी चारदा ओढा, मनातली इच्छा पुरी होते.'

गेल्या महिन्यात मुलगी आली, बारक्यामामाला घेऊन. बिचारी दोघं रांगेत उभी होती. पुढच्या एका पोरीने दोरी ओढली. एक, दोन, तीन, चार.

बारक्याने माणसं ढकलली, दोरी धरली आणि हातावर हात टाकत ओढायला लागला. "आलो दाजी! आलो!" दोरीचं दुसरं टोक भिंतीतल्या खिळ्याला बांधलेलं. त्याचे तळवे सोलले तरी सोडेना.

मुलगी त्याच्या कमरेला मिठी मारून रडत होती. "मामा, सोडा. तिथे बाबा नाहीत, मामा."

पाहुण्यांना वाटलं, हा नवा खेळ असावा. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, माझी काळजी नका करू. मला पुसायला पगारी माणूस आहे, मी चकाकतोय. फक्त समोरचा हात हलवत असला, तर टाळी वाजवायच्या आधी त्याला विचारा, बाबा रे, तुला काय हवंय? आणि ती दोरी तेवढी ओढू नका. बारक्या हल्ली रोज सकाळपासून बाहेरच्या फाटकाशी बसून असतो, आणि घंटा तिथपर्यंत ऐकू जाते.