उजव्या हाताचं बाळसं

काचेच्या पेटीची गोल खिडकी उघडून तिनं हात आत घातला आणि बाळाच्या उजव्या हाताखाली आपली दोन बोटं हळूच सरकवली. या हाताला सलाईनची सुई होती. तळव्याखाली आगपेटीएवढी फळी, फळीवर चिकटपट्ट्या आणि पट्ट्यांतून डोकावणारी काड्यांसारखी बोटं. निदान कालपर्यंत तरी त्या काड्याच होत्या. आज बोटं भरलेली दिसत होती.

ती आणखी वाकली. मनगटावरच्या सुरकुत्या गेल्या होत्या. हाताची पाठ टपोरी, गुळगुळीत झाली होती आणि दिव्याच्या उजेडात कातडी चक्क चमकत होती. दिवस भरायच्या कितीतरी आधी घाईघाईनं जगात आलेलं हे पोर. रोज सकाळी त्याचं वजन व्हायचं आणि रोज काटा होता तिथेच, नाहीतर खाली. त्याच्या बाबानं त्याचं नाव पैलवान ठेवलं होतं. रडू फुटू नये म्हणून माणूस करतो तसली ती चेष्टा. पण वॉर्डानं नाव उचललं आणि आता सगळ्या सिस्टर तिला पैलवानाची आई म्हणत. आज सकाळी तर काटाही थोडा वर सरकला होता. दोन आणि दोन चार व्हायला आणखी काय लागतं?

चष्मेवाली सिस्टर फेरीवर आली.

"काय म्हणतात पैलवान? हात बघू द्या जरा."

"आत्ताच डोळा लागलाय हो त्याचा. रात्रभर टोचाटोची चालली होती. थोडं निजू द्या ना."

सिस्टर घुटमळली. तिनं सलाईनमधून औषध ढकलणाऱ्या पंपाकडे पाहिलं. पंप गप्प होता. काचेतून वाकून तिनं हात पाहिला खरा, पण त्याच्याभोवती आईची बोटं होती. तेवढ्यात पलीकडच्या पेटीचं मशीन किंचाळायला लागलं.

"येतेच मी," म्हणून सिस्टर तिकडे धावली.

इथं येऊन आई एवढं शिकली होती की मशीन वाजलं की धावपळ, गप्प असलं की सगळं ठीक. त्यामुळे दूध काढायच्या खोलीकडे जाताना तिची पावलं हलकी होती. तिथे बसल्या बसल्या तिनं सासूबाईंना फोन लावला.

"आई, हात भरलाय त्याचा. बाळसं धरतंय पोरगं."

"अगं बाई. मग हळू बोल. आईचीच नजर आधी लागते."

ती हसली. किती दिवसांनी हसतोय हे तिचं तिलाच जाणवलं. मग तिनं सावकाश दूध काढलं. त्या दिवशी दूधही नेहमीपेक्षा जास्त आलं.

परत आली तेव्हा पेटीभोवती तीन पाठी होत्या. चष्मेवाली सिस्टर कात्रीनं चिकटपट्ट्या कापत होती. बाळसं कोपरापर्यंत चढलं होतं. हाताच्या पाठीवर एक पांढराफटक डाग होता आणि त्याच्या कडेनं जांभळट रेघ.

"काय झालं?"

"औषध बाहेर गेलंय," दुसरी सिस्टर म्हणाली.

बाहेर म्हणजे कुठे, ते तिला कळेना. तिनं आधी गादीकडे पाहिलं. गादी कोरडी होती. मग पेटीखाली, फरशीवर.

"शिरेच्या बाहेर," डॉक्टरबाई मान वर न करता म्हणाल्या. "कातडीखाली साठलंय."

"पण मशीन तर वाजलं नाही."

"दर वेळी वाजतंच असं नाही. जागा मिळेल तिकडे ते ढकलत राहतं."

पंपाचा हिरवा दिवा अजून शांतपणे लुकलुकत होता. डॉक्टरबाईंनी तो बंद केला आणि चष्मेवालीकडे वळल्या.

"केव्हापासून आहे हे?"

"मघाशी मी पाहिलं तेव्हा..." सिस्टर थांबली. "मी नीट पाहिलं नाही, मॅडम."

आई एक पाऊल पुढे आली. तेवढ्यात बाळाचा बाबा आला. त्यानं काय ऐकलं कुणास ठाऊक, पण तिचं मनगट धरून तो तिला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन गेला.

"तू एक अक्षर बोलू नकोस," तो म्हणाला. "चूक त्यांची आहे. तिनं स्वतः कबूल केलंय. मी सोडणार नाही त्या बाईला."

"मला दिसलं होतं."

"काय?"

"सूज. सकाळीच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. आईंना सांगितलं."

त्यानं तिचं मनगट सोडलं. आपण काय बोललो ते तिलाही ऐकू आलं, पण त्याचा अर्थ कसा लावायचा, ते काही केल्या समजेना. पोराचा हात आतून भाजत होता आणि आपण खुशीची बातमी देत होतो. त्याला दुखत नसेल का? की दुखून दुखून तो दमला होता आणि आपल्याला वाटलं, निजलाय? नजर लागते म्हणतात, ती ही असते का?

डॉक्टरबाई बाहेर आल्या.

"एक औषध आहे. आत साठलेलं पसरवून सूज उतरवतं. बारीक सुईनं भोवताली टोचायचं. आत्ताच सुरू झालेलं असेल तर तेवढ्यानं भागेल. पण बराच वेळ झाला असेल तर सर्जनना बोलवावं लागेल. छोटे छोटे छेद देऊन आतून धुऊन काढायचं. म्हणून विचारतेय, कुणाला काही अंदाज आहे?"

"आत्ताच झालं असणार," बाबा लगेच म्हणाला. "छेदबिद नको. एवढासा हात तो."

तिलाही छेद नको होते. एवढ्याशा हातावर छेद द्यायला जागा तरी कुठे होती? गप्प बसणं सोपं होतं. नवरा सांगतोय, डॉक्टर ऐकतायत, पोराचे छेद टळतायत. तिच्या हातातली दुधाची बाटली अजून कोमट होती.

"सकाळपासून आहे," ती म्हणाली. "वजन केलं ना, त्याच्या जरा नंतर मी पाहिलं. तेव्हाच हाताची पाठ फुगली होती. चमकत होती. सिस्टर बघायला आल्या होत्या, मीच नको म्हटलं. मला वाटलं, बाळसं धरलं."

बाबानं भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरबाई दार ढकलून आत गेल्या आणि त्यांचा आवाज ऐकू आला, "सर्जनना फोन लावा. लगेच."

दुपार कलल्यावर तिला आत सोडलं. उजवा हात पांढऱ्या कापडात गुंडाळून उशाशी वर टेकवला होता. नवी सुई आता डोक्याला होती. तिच्यासाठी कानावरचे थोडे केस काढले होते. त्या केसांसाठी तिला रडू आलं. हातासाठी इतका वेळ आलं नव्हतं, आणि याचंही तिला काही समजेना.

चष्मेवाली सिस्टर शेजारी येऊन उभी राहिली.

"मी हात उघडून बघायला हवा होता."

"मीच नको म्हटलं ना."

"आईनं नको म्हटलं तरी बघायचं असतं. तेच तर माझं काम."

चूक कुणाची किती, ते दोघींनाही वाटून घेता येईना. शेवटी सिस्टरनं बाळाचा डावा हात अलगद उचलला.

"यापुढे दोन्ही हात शेजारी धरून बघत जा. पायाला सुई असेल तर दोन्ही पाय. दोन्ही सारखे दिसले पाहिजेत. एकट्या हाताकडे बघून काही कळत नाही. मलाही कळत नाही."

नंतरच्या दिवसांत ती तेच करत राहिली. पुढे हाताचं कापड निघालं. बोटं काळी पडतील की काय, ही धास्ती ओसरली. हाताच्या पाठीवर एक खडबडीत, गुलाबी वण राहिला. चार बोटं मिटायची, करंगळी मात्र मागाहून, आठवण करून दिल्यासारखी. तेवढ्यावर निभावलं, असं सर्जन म्हणाले. बाबानं तक्रार केली नाही. पण त्यानं पोराला पैलवान म्हणायचंही सोडलं. मग सुया निघाल्या, पेटी सुटली आणि पैलवान साध्या पाळण्यात आला.

त्या आठवड्यात सासूबाईंना पहिल्यांदा आत येऊ दिलं. कोपरापर्यंत हात धुऊन, अंगावर ढगळ गाऊन चढवून त्या आल्या. नातू आईच्या मांडीवर होता. त्यांनी दुपट्याची कड बोटानं बाजूला केली आणि त्यांचा चेहराच उजळला.

"अगं, हे तर बाळसं धरलंय की ग."

आईनं दुपटं पूर्ण सोडलं. दोन्ही हात बाहेर काढून शेजारी शेजारी धरले. मनगटं गोल होती. कोपरापाशी वळी पडली होती. तिनं एका हातावर बोट दाबलं, मग दुसऱ्यावर.

"सिस्टर, जरा येता का?"

चष्मेवाली आली. चष्मा गाऊनच्या टोकाला पुसून ती खाली वाकली. डावा हात पाहिला, उजवा पाहिला. वणाच्या कडेनं बोट फिरवलं.

"दोन्ही सारखे दिसतात," ती म्हणाली.

"दिसतात ना?"

"दिसतात." पण ती जागची हलली नाही. "सुई तर कधीच काढलीय," हे ती बहुतेक स्वतःशीच म्हणाली. तिनं पाय उघडे करून तेही पाहिले. तेही गुबगुबीत होते. "थांबा. अंगभर सूज असली तरी सारखंच दिसेल. मॅडमना बोलावते."

सासूबाई एकदा सुनेकडे, एकदा जाणाऱ्या सिस्टरकडे बघत राहिल्या.

"अगं, पोर जाडं झालंय," त्या म्हणाल्या. "त्यात डॉक्टर काय बघणार?"

पैलवानानं जांभई दिली आणि पाय झाडले. मॅडम येईपर्यंत तिनं त्याचे दोन्ही हात तसेच शेजारी शेजारी धरून ठेवले.