जावळ कोणी मोडलं

गुहेतला फोटो एकट्याने निघत नाही. कॅमेरा तिपाईवर ठेवायचा, शटर उघडं सोडायचं आणि मिट्ट काळोखात दुसऱ्या कोणीतरी फ्लॅश घेऊन फिरायचं, कधी या खांबामागून, कधी त्या भिंतीआडून. ती दुसरी कोणीतरी म्हणजे मी. नवरा तिपाईपाशी बसून उंटावरून शेळ्या हाकायचा आणि मी चिखलातून सरपटत दगडांना उजेड दाखवायचे. वाहवा अर्थात त्याची.

अशाच एका गुहेच्या छताला केसांसारखे बारीक, पांढरेशुभ्र, वाटेल तिकडे वळलेले स्फटिक होते. आम्ही त्याला जावळ म्हणायचो. ते बोटभर वाढायला हजारो वर्षं लागतात, मोडायला नुसता धक्का पुरतो. म्हणून तिथे मी अगदी अंग चोरून वावरायचे.

एके दिवशी तिथलं काम आटपल्यावर मी फ्लॅशची पिशवी घेऊन आधी निघाले. अर्ध्या तासाने तो बाहेर आला आणि मान खाली घालून म्हणाला, "तुझी पिशवी लागली वाटतं गं जाताना. जावळ गेलं."

मला काहीच जाणवलं नव्हतं, म्हणून तर जास्तच अपराधी वाटलं. मी ढसाढसा रडले. "जाऊ दे, मी कोणाला सांगणार नाही," म्हणत त्याने पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर चार वर्षं मी एकाही गुहेत पाऊल टाकलं नाही. त्याचा फोटो मात्र त्या जावळाचा एकमेव फोटो म्हणून गाजला.

परवा प्रदर्शनासाठी मूळ फोटो शोधत होते. क्रमांक २१२ मध्ये मी अरुंद भोकातून बाहेर सरपटतेय, पिशवी पायाला बांधलेली, माझे दिसतात ते फक्त बुटांचे तळवे आणि बूड. "ही तुझी चांगली बाजू," म्हणून त्याने तेव्हा चिडवलं होतं. मी गेल्यावर आत तो एकटाच उरला होता. पुढचा फोटो २१३. नुसत्या हेल्मेटच्या दिव्यात काढलेलं जावळ. अख्खं.

तो जेवत होता. मी लॅपटॉप ताटाशेजारी ठेवला. त्याने पाहिलं, घास गिळला.

"ते तसंच ठेवलं असतं तर दहा जणांनी जाऊन तोच फोटो काढला असता, मग आपल्याला कोणी विचारलं असतं?"

"आणि माझ्यावर का ढकललंस?"

"मी मोडलं म्हटलं असतं तर तू जन्मभर बोलली असतीस. स्वतःची चूक माणूस गिळतो."

करून सवरून नामानिराळा राहिला होता आणि वर मलाच शहाणपण शिकवत होता. मी लॅपटॉप उचलला, तेव्हा तो जरा नरमला. "बरं, असं करू. या वेळी त्या फोटोखाली तुझंही नाव घालू. प्रकाशयोजना म्हणून. ठळक अक्षरांत."

सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला आनंद झाला.