सांधलेली रेघ

"सांगितलं तं कोणाचाच इश्वास बसणार नाही, म्हणून मी सांगतच नाही," असं म्हणत भैय्यालाल चंदाच्या चहाटपरीच्या बाकावर पाय वर घेऊन बसला. आसगावात या वाक्याचा अर्थ एकच होता: आता तासभर कोणाची सुटका नाही.

चिंधूनं विझलेली बिडी कानावर खोचली. खुशालनं सायकल झाडाला टेकवली. दोघं भैय्यालालच्याच वयाचे, आणि सकाळी सुना झाडायला लागल्या की अंगणातून उठवले जाणारे. चंदा पलीकडे हातपंपावर ग्लास धूत होती.

"सांग ना बे, भाव कायले खाऊन राहिला?" चिंधू म्हणाला.

"काल अश्विनचा फोन आला."

"धत्! त्याच्यात काय इश्वास बसाचा? पोरगा आहे. फोन येईलच."

  ते 'येईलच' ऐकून भैय्यालालनं बाकावरचे पाय खाली सोडले.

भैय्यालाल मूळचा पवनीचा. जन्मभर मागावर बसून त्यानं कोशाचं रेशमी कापड विणलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा बायकोच्या गावी, तिच्या वाट्याच्या घरात येऊन राहिला. कौशल्याबाई गेल्याला दोन पावसाळे झाले. एकुलता एक अश्विन पुण्यात नोकरीला. कोणत्या कारखान्यात कोणतं यंत्र कधी तापलं, कोणतं गोदाम कधी थंड झालं, ते पडद्यावर रेघांनी दाखवायचं, हे त्याचं काम. त्या पडद्याला डॅशबोर्ड म्हणतात. भैय्यालालला आधी वाटलं होतं, पोरगा मोटारी दुरुस्त करतो.

आईचं तेरावं झाल्यावर अश्विननं जाता जाता घरात वीज मोजणाऱ्या तीन डब्या बसवल्या. एक पंख्याला, एक विहिरीच्या मोटारीला, एक टीव्हीला. कोपऱ्यात इंटरनेटचं यंत्र ठेवलं आणि आपला जुना लॅपटॉप बापाच्या मांडीवर दिला.

"बाबा, तुम्ही पंखा लावला का रेघ वर जाईल, बंद केला का खाली येईल. मले पुण्यात बसल्या बसल्या कळत जाईल का तुम्ही बरे आहात. रोज सांजेले पाहत जाईन."

"अन् फोन?"

"फोन तं करीनच ना जी. अन् तुम्हीबी शिका रेघा बनवाले. मन लागेल."

मन लागलं. पडद्यावर पॅनेलची नवीन चौकट उघडायची, टाइम सिरीजची रेघ निवडायची, खाली वेळ ठेवायची, वर वीज. लोकांना अवघड वाटावं असं काही त्याला त्यात दिसेना. वेळ म्हणजे आडवा बाणा, वीज म्हणजे उभा ताणा. त्यानं मोटारीला निळी रेघ दिली, पंख्याला हिरवी आणि टीव्हीला कौशल्याबाईंच्या आवडत्या लुगड्याची जांभळी. वेळेची पट्टी ओढली की दिवसाचा आठवडा व्हायचा, आठवड्याचा महिना. मोटारीची रेघ सगळ्यांत उंच होती. टीव्हीची सगळ्यांत लांब. तो टीव्ही पाहत नव्हता. पण घरात कोणीतरी बोलत असलं म्हणजे कांदा चिरायला बरं पडे.

टपरीवर त्यानं हे सांगून पाहिलं. "माह्या घरचा पंखा पुण्यात दिसते."

"अन् हवा?" चिंधूनं विचारलं. "हवाबी लागते का पुण्यात? मंग सुनेले सांग, कपडे तिकडंच वाळव म्हणा."

बाकावरचे सगळे हसले. भैय्यालालनं पक्कं ताडलं: खरं सांगितलं की लोक हसतात, खोटं सांगितलं की चहा पाजतात. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, मोटारीची रेघ काल एवढी वर गेली, एवढी वर गेली, की लॅपटॉपातून निघाली अन् घराच्या छपरावरची दोन कवेलू सरकवून गेली. त्या दिवशी चहा फुकट मिळाला.

आसगावात दुपारची लाईट जायची. लाईट गेली की डब्या मुक्या व्हायच्या. पडद्यावर रेघा चालता चालता थांबायच्या, मधे नुसती पांढरी जागा, आणि मग पलीकडून पुन्हा सुरू. त्या सांजेला अश्विनचा फोन हमखास यायचा.

"बाबा, दुपारी रेघ तुटली होती. बरे आहात ना?"

"लाईट गेली होती बाप्पा."

"हां, मंग ठीक."

पण आता फोन केलाच आहे म्हणून भाजी कोणती केली ते निघायचं. मग सून रीता फोन घ्यायची, मामंजी, गोळी घेतली का. मग नात गुड्डी घ्यायची आणि श्वास न घेता शाळेतली सगळी भांडणं सांगायची. चुलीवर ठेवलेला भात कितीदा तरी लागला. करपट भात भैय्यालालला गोड लागायचा.

आता चूक कुठं झाली ते ऐका. दुसऱ्या कोणाच्या हातून ती झालीच नसती.

विणकराला तुटलेला धागा पाहवत नाही. ताणा तुटला की माग थांबवायचा, दोन टोकं चिमटीत धरायची, वळ देऊन सांधायची, मगच धोटा फेकायचा. भैय्यालालच्या बोटांना ही खोड कायमची लागलेली. पडद्यावरची ती भोकं पाहिली की त्याची बोटं शिवशिवत. कोणी एवढं भोकाभोकाचं कापड पेठेत नेलं असतं तर व्यापाऱ्यानं तोंडावर फेकलं असतं! एका सकाळी पॅनेल चाळता चाळता त्याला जागा सापडली: रिकाम्या जागा तशाच ठेवायच्या की जोडायच्या? त्यानं 'जोडा'वर बोट ठेवलं आणि जतन केलं. बापलेकाचा पडदा एकच होता; इकडं बदललं की तिकडं बदलायचं.

काय सफाई आली! तिन्ही रेघा या काठापासून त्या काठापर्यंत अखंड. "अवो, पाहून घे," तो मोठ्यानं म्हणाला, आणि मग कोणाला म्हणालो ते आठवून लॅपटॉप मिटून ठेवला.

त्या आठवड्यात फोन आला नाही. पुढच्याही नाही. पोराला काम असेल. बाकावर मात्र तो सांगत राहिला, काल अश्विन हे म्हणाला, परवा गुड्डी ते म्हणाली. मधे एक दिवस त्याला ताप भरला. नेमकी लाईटही दिवसभर नव्हती. अंधाऱ्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. उठून पाणी घ्यायचं त्राण नव्हतं, आणि द्यायला कोणी नव्हतं.

बरं वाटल्यावर त्यानं स्वतःच फोन लावला.

"बाबा, मीटिंगमधे आहो. सब ठीक ना? रेघ तं मस्त दिसून राहिली तुमची."

"मस्त आहे."

"मंग करतो मी नंतर."

भैय्यालालनं लॅपटॉप उघडला. पट्टी मागं ओढली, तापाच्या दिवसापर्यंत. तिथं रेघ सरळ जात होती. आदल्या रात्रीचं टोक आणि दुसऱ्या सकाळचं टोक, मधे एक सुबक सरळ रेघ, जणू त्या दिवशी भैय्यालालनं पंखा लावला, टीव्ही ऐकला, कांदा चिरला.  पोरगा त्या भोकांतून डोकावत होता, आणि ती भोकं भैय्यालालनं आपल्याच हातानं बुजवली होती.

'फोन करत जा रे,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मागून आणलेलं ताक आणि मागून आणलेलं बोलणं, दोन्ही पातळच. त्याला न मागता आलेला फोन हवा होता, पहिल्यासारखा.

म्हणून काल बाजारातून आल्या आल्या तो पॅनेल उघडून बसला. 'तशाच ठेवा'वर बोट नेलं, आणि धडधाकट ताणा कैचीनं कापावा तसा त्याचा हात कचरला, तरी त्यानं जतन केलं. मग त्यानं पाटावर चढून मेन स्विच पाडला. घर एकदम मुकं झालं. बिनपंख्याचा तो घामाघूम बसून राहिला, दुपार कलेपर्यंत. मग स्विच उचलून पडदा पाहिला. भोक पडलं होतं. एवढं मोठं भोक त्यानं जन्मात कापडात पडू दिलं नव्हतं.

सांज झाली. रिंग ऐकू यावी म्हणून त्यानं टीव्ही लावला नाही. सदरा खुंटीवर होता, फोन त्याच्या खिशात असणार. हातात धरून बसलं की फोन वाजत नाही, हा त्याचा अनुभव. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. कोणाचा तरी फोन वाजला आणि तो उठून उभा राहिला. आवाज भिंतीपलीकडचा होता. त्यानं भात टाकला आणि मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून बसला. भात लागला नाही. चांगला मोकळा झाला. तो तसाच झाकून भैय्यालाल आडवा झाला.

आणि आता हा चिंधू म्हणत होता, येईलच.

"येईलच म्हंजे?" भैय्यालालनं पाय पुन्हा वर घेतले. "अबे, फोन असा आला, असा आला का सांज लागाच्या आधी उचलला तं कोंबड्या खुराड्यात गेल्या, तरी खाली ठेवाची सोय नाही! आधी अश्विन. बाबा, मले करमत नाही म्हणे. मंग रीता, मंग गुड्डी, मंग गुड्डीच्या शाळेची बाई."

"बाई कायले?" खुशालनं विचारलं.

"तुमच्या गोष्टी गुड्डी वर्गात सांगते म्हणे, जरा आवरा! बोलता बोलता माहा कान एवढा तपला, एवढा तपला, का मी त्याच्यावर पापड धरला. टच्चकन फुगला ना बे! इकडून भाजला, मंग फोन इकडच्या कानाले लावला अन् दुसऱ्या बाजूनं भाजला."

चिंधू पोट धरून हसत होता. "चंदा, याले चहा दे वो! माह्याकडून!"

चंदा धुतलेले ग्लास घेऊन आली. तिनं ते फळीवर पालथे घातले, ओले हात पदराला पुसले, गल्ल्याखालून एक फोन काढला आणि बाकावर भैय्यालालच्या मांडीशी ठेवला.

"लबाड बोलून राहिले काकाजी तुम्ही! हा तं कालपासून माह्याजवळ आहे. बजारातून येता येता इथंच इसरून गेले. सांजेपासून त्याच्यावर अश्विन, अश्विन येऊन राहिलं, वाजून वाजून बॅटरी मेली त्याची. गिऱ्हाईक सोडून मी कशी येऊ? मंग एवढ्या सांजेचे तुम्ही बोलले कोणासंग?"